हर-२, फिश आणि १७ नंबरचं गुणसूत्र: स्तनाच्या कॅन्सरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट द्यायच्या खिडकीपाशी माझी ड्युटी असते. घोडबंदर रोड, कळवा, मुंब्रा, खाडीपलीकडून ऐरोली-कोपरखैरणे, कुठूनकुठून नातेवाईक येतात. पाकीट तिथेच उघडतात, दोन ओळी वाचतात आणि विचारायला लागतात. डॉक्टरांची वेळ परवाची असते, मधली रात्र काढायची असते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. कुठलं औषध घ्यावं हे इथे सापडणार नाही. रिपोर्टात गुणसूत्रांबद्दल काय लिहितात आणि त्याने पेशंटचं पुढे काय बदलतं, एवढंच सांगते.

रिपोर्टवर 'क्रोमोसोम १७' लिहिलंय. म्हणजे आईच्यात जन्मापासूनच दोष होता का?

नाही. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. रिपोर्टात जो बदल लिहिलाय तो फक्त गाठीतल्या पेशींचा. आईच्या रक्तातल्या किंवा त्वचेतल्या पेशी तपासल्या तर तिथली १७ नंबरची जोडी ठीकठाकच दिसेल. हा बदल तिला आजीकडून आलेला नाही आणि तुम्हालाही मिळणार नाही. "सुनेच्या माहेरचं आहे का हो हे?" असं खिडकीवर हळू आवाजात विचारणाऱ्या सासवाही भेटतात. त्यांनाही हेच उत्तर.

वारशाने येणारा धोका वेगळा असतो. त्याचं बीआरसीए नावाच्या जनुकांच्या प्रश्नात सांगते. जन्मतःच गुणसूत्रांची संख्या वेगळी असण्याचा स्तनाच्या कॅन्सरशी ठळक संबंध दिसतो तो क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये. अशा पुरुषांत एक एक्स गुणसूत्र जादा असतं आणि त्यांना स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो. पण ही गोष्ट विरळच.

गाठीतल्या गुणसूत्रांचं नेमकं होतं काय?

एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची नक्कल होते आणि दोन्हीकडे सारखी वाटणी होते. कॅन्सरच्या पेशीत ही वाटणी बिघडते. कुठे एखादं गुणसूत्र जास्तीचं येतं, कुठे त्याची एक भुजा गळून जाते, कुठे एवढासा तुकडा पुन्हापुन्हा छापला जाऊन त्याच्या दहा-वीस प्रती होतात. कधी दोन गुणसूत्रं तुटून एकमेकांची टोकं जोडून घेतात. बरेचदा एकाच गाठीत हे सगळं थोडंथोडं सापडतं.

कॅन्सरचं मूळ गुणसूत्रांच्या चुकलेल्या वाटणीत असावं, असं जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ साली मांडलं होतं. ते काम करत होते सी अर्चिन नावाच्या समुद्री जीवाच्या अंड्यांवर. माणसात गुणसूत्रं नक्की ४६ आहेत हे ठरायला त्यानंतर १९५६ उजाडलं.

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ या गुणसूत्रांची अदलाबदल जवळपास प्रत्येक पेशंटमध्ये सापडते. स्तनाच्या कॅन्सरला अशी एकच खूण नाही. म्हणून "आमच्या शेजारच्या काकूंना पण हाच होता" या वाक्यावर फार विसंबू नका. त्यांच्या गाठीतली गडबड अगदी दुसऱ्याच गुणसूत्रावर असू शकते.

हर-२ पॉझिटिव्ह आलं. हा सगळ्यात वाईट प्रकार ना?

एके काळी होता.

हर-२ हे जनुक १७ नंबरच्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. साधारण १०० पैकी १५ ते २० पेशंटच्या गाठीत या प्रती वाढत जाऊन दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त होतात. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं प्रथिन हे जनुक बनवतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन कर्ण्यांच्या जागी स्पीकरची भिंत उभी राहावी, तसा तो हुकूम पेशीवर दणदणत राहतो.

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठीत हर-२ च्या प्रती वाढलेल्या होत्या, त्यांचा आजार लवकर परतत होता आणि आयुष्यही कमी पडत होतं. इंटरनेटवर आजही जी भीतीदायक वाक्यं सापडतात, त्यांचं मूळ या काळात आहे.

पण त्याच प्रथिनावर नेम धरून ट्रास्टुझुमॅब हे औषध तयार झालं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला पसरलेल्या आजारासाठी मान्यता मिळाली आणि २००५ मध्ये सुरुवातीच्या आजारावरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. दोन अमेरिकन चाचण्यांचा दहा वर्षांचा एकत्र हिशेब असा: नुसती केमो घेतलेल्यांपैकी १० वर्षांनी ७५.२ टक्के हयात होत्या, केमोसोबत ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांपैकी ८४ टक्के. गुणसूत्रातला बदल तोच राहिला, पण औषध आलं आणि निकाल फिरला. रिपोर्टातल्या कुठल्याही गुणसूत्री बदलाबद्दल मी पहिल्यांदा हेच बघते: याला धरून काही उपचार आहे का? असेल तर ती ओळ कामाची.

त्यानंतरही औषधं आली. ऑपरेशनच्या आधी केमो आणि हर-२ विरोधी औषध दिलं, तरी गाठ पूर्ण विरघळली नाही, तर पुढे काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन चाचणीत अशा पेशंटना ऑपरेशननंतर टी-डीएम१, म्हणजे ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडून केलेलं औषध, दिलं. ३ वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण ८८.३ टक्के निघालं, ट्रास्टुझुमॅबच चालू ठेवलेल्यांत ७७ टक्के. म्हणून हर-२ बद्दल काहीही वाचताना आधी लेखाची तारीख बघा. वीस वर्षांपूर्वीचा मजकूर आज उगाच झोप उडवतो.

आयएचसीमध्ये २+ आलं. आता आणखी फिश कशाला? पैसे काढायला?

हा प्रश्न रागानेच येतो आणि राग समजतो. पण इथे तपासणी खरंच लागते.

आयएचसीमध्ये पेशीच्या कडेवरचं हर-२ प्रथिन रंगवून बघतात. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ मध्ये रंग धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. अशा वेळी प्रथिन सोडून थेट जनुकाच्या प्रती मोजायच्या. त्यालाच फिश म्हणतात.

गाठीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात. त्यावर चमकणाऱ्या रंगाचे दोन प्रोब सोडतात. बहुतेक किटमध्ये हर-२ जनुकावर लाल ठिपका येतो आणि १७ नंबरच्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूवर, म्हणजे सेन्ट्रोमिअरवर, हिरवा. काच रात्रभर उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघतात. निळ्या केंद्रकात दोन लाल, दोन हिरवे दिसले की जनुक जागच्या जागी आहे. प्रती वाढल्या असतील तर हिरवे दोनच असतात आणि लाल ठिपक्यांचे घोसच्या घोस दिसतात, इतके की सुटे मोजता येत नाहीत. निदान वीस पेशींतले ठिपके मोजून कागदावर मांडायचे आणि मग सरासरी काढायची. मधल्या गटातला निकाल असेल तर दुसरा माणूस, पहिल्याचे आकडे न बघता, पुन्हा मोजतो. रिपोर्टला दिवस लागतात ते यामुळे.

२+ वर फिश न करता पुढे गेलात तर दोन्हीकडून नुकसान होऊ शकतं. ज्या बाईला औषध लागू पडलं असतं तिला ते मिळत नाही, किंवा जिला उपयोग नाही तिच्या हृदयावर उगाच भार येतो. ट्रास्टुझुमॅब चालू असताना ठरावीक महिन्यांनी टू-डी इको करायला लावतात, ते याचसाठी.

फिश रिपोर्टवरचे आकडे कसे वाचायचे?

दोन आकडे शोधा. एक, एका पेशीमागे हर-२ च्या सरासरी प्रती. दोन, हर-२ आणि सेन्ट्रोमिअर १७ चं गुणोत्तर.

समजा रिपोर्टात सरासरी प्रती ९.६, सेन्ट्रोमिअर २.०, गुणोत्तर ४.८ असं आहे. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि प्रती ४ किंवा जास्त, म्हणजे सरळ पॉझिटिव्ह. प्रती २.४ आणि गुणोत्तर १.१ असेल तर सरळ निगेटिव्ह. बहुतेक रिपोर्ट या दोहोंपैकी एकात बसतात.

उरलेले थोडे मधे अडकतात. उदाहरणार्थ, गुणोत्तर २ च्या वर पण प्रती ४ पेक्षा कमी, किंवा गुणोत्तर २ च्या खाली पण प्रती ६ च्या वर. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी आयएचसी आणि फिश एकत्र ठेवून निकाल लावतात. तुमचा रिपोर्ट असा असेल तर तळाची 'कमेंट' नीट वाचा. आकड्यांपेक्षा ती महत्त्वाची, आणि नेमकी तीच ओळ लोक वाचत नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा. गुणोत्तर ८ आहे म्हणजे आजार ४ वाल्यापेक्षा दुप्पट वाईट, असं गणित नाही. औषधाचा निर्णय पॉझिटिव्ह की निगेटिव्ह यावर होतो.

'पॉलीसोमी १७' म्हणजे?

हिरवे ठिपके दोनापेक्षा जास्त दिसले की पूर्वी असं लिहीत, म्हणजे अख्खं १७ नंबरचं गुणसूत्रच जादा आहे असं धरत. पुढे बारकाईने तपासल्यावर कळलं की खरोखर पूर्ण गुणसूत्र जादा असणं विरळ आहे. बहुतेक वेळा सेन्ट्रोमिअरच्या आसपासचा भागच वाढलेला असतो. जुन्या रिपोर्टात हा शब्द दिसला तर त्यावरून स्वतः निष्कर्ष काढू नका. हर-२ पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, एवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

'हर-२ लो' हे काय नवीन?

आयएचसी १+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह. यात जनुकाच्या प्रती वाढलेल्या नसतात, प्रथिन मात्र थोडंसं असतं. २०२२ पर्यंत या गटाला हर-२ चं औषध देत नसत. त्या वर्षी आलेल्या डेस्टिनी-ब्रेस्ट०४ चाचणीत पसरलेल्या आजारात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान या औषधाने या पेशंटचंही आयुष्य वाढलेलं दिसलं. त्यामुळे ० आणि १+ मधला फरक, ज्याकडे आम्ही पूर्वी फारसं बघत नव्हतो, तो आता जपून बघावा लागतो. जुन्या रिपोर्टवर नुसतं 'निगेटिव्ह' लिहिलं असेल तर स्कोअर मागून घ्या.

दुसऱ्या हॉस्पिटलने 'ब्लॉक आणा' सांगितलं. ब्लॉक म्हणजे काय, आणि तो न्यायचा कसा?

बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवतात. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीतली ती मेणाची वडी म्हणजे ब्लॉक. फिश असो, आयएचसी असो वा जनुकांची मोठी तपासणी असो, सगळ्याचा कच्चा माल हाच. पेशंटला पुन्हा टोचायला लागू नये म्हणून तो सांभाळतात.

मूळ लॅबमध्ये अर्ज करा, ओळखपत्र न्या, रजिस्टरवर सही करून ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना, ते खिडकीसमोर उभं राहूनच बघा. घरी गेल्यावर फरक लक्षात आला तर दोन दिवस गेलेच. ठाण्याहून खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये न्यायचा असेल तर ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल थेट खारघरला जाते, पुढे रिक्षा. अ‍ॅक्ट्रेक हे परळच्या टाटा मेमोरियलचंच भावंड. दोन्ही टाटा मेमोरियल सेंटरच्या छत्राखाली आहेत, पण नंबर कुठे लागलाय ते कागदावर नीट बघून मगच निघा. लोक परळचा कागद घेऊन खारघरला आणि खारघरचा घेऊन परळला पोचतात. ब्लॉकला फ्रिज लागत नाही, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर मेण मऊ पडेल. पाण्याच्या बाटलीपासून दूर, छोट्या डब्यात, बॅगेत ठेवा.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. तुकडा फॉर्मलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा आणि काढल्यावर तासाभरात त्यात पडायला हवा. कमी-जास्त झालं तर फिशचे ठिपके नीट उमटत नाहीत. ऑपरेशन शुक्रवारी संध्याकाळी असेल तर शनिवार-रविवार नमुना कुठे राहणार, हे आधी विचारून ठेवायला हरकत नाही. आजार हाडात गेलाय म्हणून हाडाचा तुकडा घेणार असतील तर तेही लॅबला आधी कळवा. हाड मऊ करायला वापरतात त्या तीव्र आम्लाने या तपासण्या बिघडतात.

हर-२ सोडून बाकीच्या गुणसूत्रांतल्या बदलांनी काय फरक पडतो?

बराच पडतो. फक्त रोजच्या रिपोर्टात ते दिसत नाही.

प्रत्येक गुणसूत्राला एक छोटी भुजा असते, तिला पी म्हणतात. मोठी ती क्यू. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर पण हळू वाढणाऱ्या गाठींमध्ये १ नंबरची मोठी भुजा जादा आणि १६ ची मोठी भुजा गळालेली, ही जोडी फार वेळा दिसते. या दोन गुणसूत्रांची अदलाबदल होऊन दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. अशा गाठी सहसा शांत स्वभावाच्या आणि हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणाऱ्या. म्हणजे गुणसूत्र बिघडलंय हे ऐकून लगेच घाबरायचं कारण नाही, काही बदल सौम्य आजाराचेच सोबती असतात. लोब्युलर प्रकारात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हरवतं. त्याचं जनुक याच १६ क्यू वर आहे.

उलट बाजूला ११ नंबरच्या मोठ्या भुजेचा १३ वा पट्टा आहे. तिथल्या सायक्लिन डी१ सारख्या जनुकांच्या प्रती वाढल्या असतील तर गाठ हार्मोन पॉझिटिव्ह असूनही परतण्याचा धोका जास्त. ८ नंबरच्या छोट्या भुजेवर एफजीएफआर१ हे जनुक आहे, मोठ्या भुजेवर मिक हे. त्यांच्या प्रती वाढल्या तरी चित्र थोडं काळजीचंच होतं.

यावरचं मोठं काम २०१२ मध्ये ब्रिटन आणि कॅनडाच्या संशोधकांनी केलं, नाव मेटाब्रिक. सुमारे २,००० गाठींमधल्या प्रतींची वाढ-घट आणि जनुकांचं काम एकत्र मांडून त्यांनी दहा गट पाडले. ज्यांच्या गुणसूत्रांत फारशी उलथापालथच नव्हती त्यांचा गट चांगला चालला, ११ क्यू वाल्यांचा वाईट. २०१९ मध्ये याच मालिकेत एक गोष्ट पुढे आली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह पेशंटपैकी सुमारे एक चतुर्थांश जणी अशा चार गटांत मोडतात, ज्यांचा आजार उशिरा, अगदी वीस वर्षांपर्यंतही परतू शकतो. त्या गटांत परतण्याचं सरासरी प्रमाण ४७ ते ६२ टक्के निघालं. "पाच वर्षं झाली, आता सुटलो" असं म्हणून गोळ्या आणि फॉलो-अप दोन्ही सोडणाऱ्या मावश्यांना मी एवढंच सांगते, की हार्मोन पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षं ही रेघ नाही. गोळ्या थांबवायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून थांबवा.

मग हे सगळं प्रत्येकीचं तपासत का नाहीत?

कारण त्यातल्या बहुतेक गोष्टींनी आजच्या घडीला औषध बदलत नाही. गाठीचा आकार, काखेतल्या किती गाठींना लागण, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), ईआर आणि पीआर (गाठ हार्मोन पॉझिटिव्ह आहे का), हर-२ आणि केआय-६७ (किती पेशी वाढीला लागल्यात) यांवर बहुतेक निर्णय होतात. ८ क्यू वाढलंय हे कळूनही डॉक्टर तेच देणार असतील, तर त्या पैशांत केमोची एक सायकल बसते. महागडं जनुक पॅनेल सुचवलं तर "याच्या निकालाने काय बदलेल?" असं बिनधास्त विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही.

ऑन्कोटाइप, मॅमाप्रिंट, कॅनअसिस्ट याच तपासण्या का?

नाही. त्यात गुणसूत्रांच्या प्रती मोजत नाहीत. ऑन्कोटाइपमध्ये २१ जनुकं आणि मॅमाप्रिंटमध्ये ७० जनुकं किती जोरात काम करतायत ते बघतात. बंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट प्रथिनांवर चालते. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, सुरुवातीच्या आजारात केमो टाळता येईल का, एवढ्यासाठी त्या आहेत. हर-२ पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्हला (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) त्यांचा उपयोग नाही.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये गुणसूत्रं सगळ्यात जास्त बिघडलेली असतात म्हणे?

बहुधा हो. अख्ख्या गुणसूत्रांची संख्याच डळमळीत असते, दर विभाजनात नवी गडबड. २०१८ च्या एका संशोधनात दिसलं की वाटणीत मागे राहिलेली गुणसूत्रं पेशीत छोटी वेगळी केंद्रकं बनवतात, ती फुटली की डीएनए बाहेर सांडतो आणि त्यातून उठणारा इशाराच वापरून पेशी पसरायला शिकतात. म्हणजे अस्थिरता वाईट. पण ती फारच वाढली तर पेशीलाही झेपत नाही. हार्मोन निगेटिव्ह गाठींच्या अभ्यासात अतिअस्थिर गाठींचा निकाल मध्यम अस्थिर गाठींपेक्षा बरा निघालेला आहे. कागदावरची 'जास्त गडबड' म्हणजे 'जास्त वाईट' असं सरळ नाही.

आणि ट्रिपल निगेटिव्ह म्हणून घाबरून जाण्याआधी रिपोर्टातलं प्रकाराचं नाव वाचा. सिक्रीटरी कार्सिनोमा असेल तर त्यात १२ आणि १५ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक असेल तर बरेचदा ६ आणि ९ ची. दोन्ही विरळ, दोन्ही बहुतेकदा ट्रिपल निगेटिव्ह, पण सहसा सौम्य. काखेत क्वचितच पसरतात. अशा वेळी स्तनाच्या कॅन्सरमध्ये मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा बघून घ्यायचा आग्रह मी जरूर धरीन, कारण या नावावर केमो देण्या-न देण्याचा निर्णय फिरतो.

बीआरसीए म्हणजे पण १७ नंबरच ना? माझ्या मुलीचं काय?

बीआरसीए१ त्याच १७ नंबरवर आहे, बीआरसीए२ आहे १३ नंबरवर. पण हा बदल हर-२ सारखा प्रतींचा नसतो. बहुतेकदा जनुकाच्या अक्षरांतली चूक असते, मायक्रोस्कोपखाली दिसत नाही आणि ती वारशाने येते. स्तनाच्या कॅन्सरपैकी फक्त ५ ते १० टक्के असे आनुवंशिक असतात. आई किंवा वडिलांत दोष असेल तर प्रत्येक मुलामुलीत तो येण्याची शक्यता निम्मी. हो, वडिलांकडूनही येतो. घराण्याची माहिती लिहिताना लोक आत्या आणि आजोबांकडच्या बायकांना विसरतात, तसं करू नका. बीआरसीए१ दोष असलेल्या बाईला वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, बीआरसीए२ मध्ये ६९ टक्के.

ही दोन जनुकं तुटलेला डीएनए सांधतात. ती नसली की गुणसूत्रं जागोजागी तुटत-जुळत राहतात. पेशीच्या याच दुबळेपणावर पार्प इनहिबिटर औषधं घाव घालतात. २०२१ च्या ऑलिंपिया चाचणीत दोष असलेल्या, जास्त धोक्याच्या पेशंटना ओलापॅरिब हे असंच एक औषध वर्षभर दिलं. ३ वर्षांनी ८५.९ टक्के जणींचा आजार परतलेला नव्हता. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ७७.१ टक्के. पुन्हा तेच: दोष कळला आणि औषध होतं, म्हणून तपासणीला अर्थ आला.

तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते. आधी आजारी व्यक्तीची करायची, मग दोष सापडला तर मुलीची. आणि जेनेटिक कौन्सेलरशी बोलल्याशिवाय नाही. लग्न ठरायच्या घाईत परस्पर तपासणी करून, रिपोर्ट लपवून ठेवलेली घरं मी बघितली आहेत. त्याने कुणाचंच भलं झालं नाही.

आजार परत आला. जुना हर-२ रिपोर्ट चालेल का?

शक्यतो नवीन जागेची बायोप्सी घेतात. काही पेशंटमध्ये ईआर, पीआर किंवा हर-२ बदललेलं निघतं. शिवाय नवे बदल सापडतात, ज्यांवर औषधं आहेत: हार्मोन पॉझिटिव्ह गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांत असलेला, ३ नंबरवरचा पीआयके३सीए दोष, किंवा हार्मोनच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर ६ नंबरवरच्या ईएसआर१ मध्ये आलेला बदल. हे दोन रक्तातूनही तपासता येतात. पहिल्या निदानाला मात्र रक्त पुरत नाही, तुकडा लागतोच.

साधी क्रोमोसोम टेस्ट, म्हणजे कॅरिओटाइप, करून घेऊ का?

नको. ती रक्तातल्या निरोगी पेशींची असते. नॉर्मल येईल आणि तुम्हाला खोटा दिलासा देईल.

गुणसूत्रं सुधारायला काय खायला द्यावं?

तसं काही नाही. गोमूत्र, गव्हांकुर, लाखाच्या पुड्या, काहीच गुणसूत्र जागेवर आणत नाही. केमो चालू असताना पोटभर, घरचं, शिजवलेलं खाऊ घाला. काढे देत असाल तर डॉक्टरांना सांगा, काहींचा लिव्हरवर परिणाम होतो.

खर्चाचं कसं?

ट्रास्टुझुमॅबची भारतात बनलेली बायोसिमिलर २०१४ पासून मिळतात आणि मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतात. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानवरची कस्टम ड्युटी २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात माफ झाली. तरी ते महागच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण कोणती तपासणी आणि कोणतं औषध त्यात बसतं हे हॉस्पिटलच्या दारातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि विचारायचं ते अ‍ॅडमिशनच्या आधी. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते काम आजच सुरू करा. यात जेवढे दिवस जातात तेवढे फिशमध्येही जात नाहीत.

आई किती वर्षं जगेल, तेवढं सांगा.

ते ना मी सांगू शकत, ना तो कागद. ८४ टक्के हा हजारो बायकांचा आकडा आहे, तुमच्या आईचा नाही. तिचं वय, हृदय, काखेतल्या गाठी, औषध पूर्ण झालं की मधेच थांबलं, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. डॉक्टरांना असं विचारून बघा: हा उपचार घेतला तर परतण्याचा धोका कितीवरून किती होईल? याला त्यांना उत्तर देता येतं.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर बघाल का?

नका पाठवू. अर्धं पान येतं, कमेंटची ओळ कापलेली असते. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा: बायोप्सी, आयएचसी, फिश, ऑपरेशननंतरचा रिपोर्ट, इको. ब्लॉकचा नंबर फाइलीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा. ती घेऊन डॉक्टरांकडे जा, सोबत घरचं एक माणूस न्या, आणि त्याने बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.